सहा लिटर खाली, सव्वा लिटर वर

मंडळी, गच्चीवरची पाणचक्की आता पाणी वर चढवणारा स्वतःचा स्क्रू स्वतः फिरवते. वरच्या टाकीतून मिनिटाला ६ लिटर पाणी ९० सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर पडतं. चाक मिनिटाला १५ फेरे घेतं, पुली-पट्ट्याने त्याचे ३० होतात आणि स्क्रू खालच्या टबातलं पाणी परत वर चढवतो. किती? सव्वा लिटर. बाकीचं टबातच राहतं आणि वरची टाकी भरलेली ठेवायला टुल्लू पंप लावावाच लागतो. आपलंच पाणी आपणच वर चढवून कायम चालणाऱ्या चाकाचे व्हिडिओ बरेच फिरतात. टुल्लू बंद करून 'बघा, चाललं!' म्हणणारा व्हिडिओ माझ्याकडून येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

स्क्रू कसा केला हे बऱ्याच जणांनी विचारलंय. पीव्हीसी पाइपवर गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी गुंडाळली, टोकं एम-सीलने पक्की केली, दोन्हीकडे लेथवर बुश करून घेतले आणि पाइप साधारण ३५ अंशांवर तिरका बसवला. नाशकात रविवार कारंज्यापाशी हे सगळं सामान एका फेरीत मिळतं. नळी पारदर्शक घ्याच. प्रत्येक वेढ्याच्या तळाशी पाण्याचा एक घोट, त्याच्यावर हवा, पुन्हा घोट, अशी रांग शांतपणे वर चढताना दिसते. एक पथ्य मात्र पाळा: खालचं तोंड पूर्ण बुडवू नका. दर फेऱ्याला त्याला हवेचा घास मिळाला पाहिजे, नाहीतर घोट एकमेकांना जोडले जातात आणि पाणी नळीतूनच मागे घसरतं.

आता हिशेब. ६ लिटर पाणी ९० सेंटिमीटर खाली आलं की मिनिटाला ५३ ज्यूल, म्हणजे ०.८८ वॅट. शाफ्टवर दोरी गुंडाळून ताणकाट्याने ब्रेक लावला तेव्हा अर्धा वॅट हाती आला. स्क्रू आणि पट्ट्याने त्यातलाही अर्धा खाल्ला. शिवाय उंचीचा घोळ आहे, तो व्हिडिओवाले कधीच दाखवत नाहीत. चाकाला पाणी ९० सेंटिमीटरच पडतं, पण उचलावं लागतं १२० सेंटिमीटर. टाकीचं पाणी चाकावर सोडणाऱ्या पन्हाळाला उतार हवा, चाकाचा तळ टबातल्या पाण्याच्या वर हवा, स्क्रूचं तोंड टाकीच्या काठावर हवं. सगळं घर्षण जादूने काढून टाकलं तरी ६ लिटरमागे साडेचार लिटरच वर जातील.

'पाण्याचं घर्षण कमी करा' हा सल्ला सगळ्यात जास्त येतो, म्हणून तेही मोजलं. टाकीपासून पन्हाळापर्यंत अर्धा इंची पाइप होता, दीड मीटर. त्यात पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडा जास्त, आणि उंचीतली घट जेमतेम ५ सेंटिमीटर. एक इंची पाइप टाकला आणि ती घट मोजता येईना, कारण तेवढ्याच प्रवाहाला व्यास दुप्पट केला की घट साधारण बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. बेअरिंगमधलं ग्रीस रॉकेलने धुऊन हलकं तेल घातलं. रिकामं चाक आधीपेक्षा कितीतरी जास्त वेळ फिरत राहिलं. स्क्रूमधून मात्र तेच सव्वा लिटर.

समजा घर्षण खरोखरच शून्य आहे. निसर्गात तसा द्रव आहे: २.१७ केल्व्हिनच्या खाली हेलियम अतिप्रवाही होतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहतो, आणि गोल कड्यासारख्या भांड्यात फिरवून सोडला तर नुसता फिरतच राहतो. पण त्याच्याकडून काही काम करून घ्या, तेवढा तो मंदावणारच. आपल्याला नुसतं फिरणं नकोय, वर दळणही हवंय. १६१८ मध्ये इंग्लिश वैद्य रॉबर्ट फ्लडने छापलेल्या चित्रात अगदी आपलीच जोडणी आहे, चाक, स्क्रू आणि शिवाय दळायचं जातं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये असल्या कायम चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासायलाच नकार दिला. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत पोकळ, पाऱ्याने अर्धवट भरलेल्या आऱ्यांचं चाक सांगितलंय. कल्पना देखणी आहे. पारा एका बाजूला आसापासून दूर सरकतो खरा, पण त्या बाजूला आरे कमी उरतात आणि तोल साधला जातो.

दुसरा लाडका सल्ला म्हणजे जड फ्लायव्हील लावा, संवेग (मोमेंटम) चक्र ओढून नेईल. लावलं. अंबडच्या भंगारातली सायकलची रिम, कडेला ५ किलो लोखंड, स्क्रूच्याच वेगाने फिरणाऱ्या जोडशाफ्टवर. चाल एकदम गुळगुळीत झाली, पट्ट्याचे हिसके गेले. पण मिनिटाला ३० फेऱ्यांवर त्या रिममध्ये साठते सव्वादोन ज्यूल ऊर्जा. स्क्रूला लागतो अर्धा वॅट. टाकीचा नळ बंद केला की चार-पाच सेकंदांत सगळं थंड. फ्लायव्हील ही गुल्लक आहे, टाकलं तेवढंच निघणार.

संवेगाचा खरा तोटा वेगळ्याच जागी सापडला. पन्हाळातून पाणी १० सेंटिमीटर पडून चाकावरच्या डब्यात शिरतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १.४ मीटर असतो, डब्याचा ०.७. आदळल्यावर पाण्याला डब्याचाच वेग घ्यावा लागतो. संवेग पूर्ण पोचतो, पण त्या १० सेंटिमीटरच्या ऊर्जेतली फार तर निम्मी कामाला येते, बाकीची खळबळीत विरते. सपाट पात्यांच्या चाकाला हीच मर्यादा पडते. इंग्लिश अभियंता जॉन स्मीटनने नमुने करून मोजलं आणि १७५९ मध्ये मांडलं, तेव्हा वरून पाणी घेणारं चाक खालून ढकललेल्या चाकाच्या साधारण दुप्पट भरलं. पेल्टनने पुढे वाटीसारखी पाती करून धार जवळपास उलटी वळवली आणि तो तोटा भरून काढला.

संवेगावर पाणी चढवायचंच असेल तर हायड्रॉलिक रॅम करा, म्हणजे वाहतं पाणी अचानक अडवून त्याच्या धक्क्याने थोडं पाणी वर ढकलणारा पंप. त्र्यंबककडच्या एका मित्राच्या शेतात ओहोळावर आमचा पितळी एनआरव्हीचा (पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) रॅम टक् टक् चालू आहे, वीज नाही, डिझेल नाही. हवेच्या भांड्यात सायकलची फुगवलेली ट्यूब कोंबलीय, म्हणजे हवा पाण्यात विरघळून संपत नाही. २ मीटरच्या उतारावर तो १० मीटर वर पाणी नेतो, पण शंभरातलं बारा लिटर. अठ्ठ्याऐंशी लिटर व्हॉल्व्हमधून ओहोळात परत जातं आणि त्याच्याच जिवावर हे बारा चढतात. १७९६ च्या माँगोल्फिएच्या रॅमचंही तसंच होतं.

पुढचं काम: पन्हाळ डब्यांपासून ४ सेंटिमीटरपर्यंत खाली आणायचा आणि डब्यांची तोंडं तिरकी कापायची. माझ्या अंदाजाने स्क्रू दीड लिटरच्या आसपास जाईल. १२ मिलिमीटरऐवजी १६ ची नळी कोणी गुंडाळली असेल तर मिनिटाला किती पाणी येतं ते फेऱ्यांसकट कळवा. नुसतं 'भरपूर येतं' नको.