पुसू नये

परवा दुपारी मी तंबोरा पुसला. फडक्याने नव्हे, लॅपटॉपवर. फडक्याने पुसला असता तर निदान चकाकला असता. हा साफ नाहीसा झाला.

सगळं सुरू झालं ते बाबांच्या डब्यामुळे. डबा पत्र्याचा आहे आणि एके काळी त्यात दिवाळीच्या चकल्या असायच्या. मिरजेचं घर आवरलं तेव्हा भांडी ताईकडे गेली, पुस्तकं वाचनालयात गेली आणि हा डबा माझ्या वाट्याला आला. आत २२ कॅसेटी आणि एक वही. पुण्याला आणून मी तो माळ्यावर ठेवला आणि सोयीस्कर विसरलो. यंदा भाचीने कुठूनसा एक जुना कॅसेट प्लेअर पैदा केला. "मामा, चालतो हा, फक्त झाकण हाताने दाबून धरायचं." तिनेच एक वायर आणून तो लॅपटॉपला जोडून दिला आणि क्लासला निघून गेली. मी झाकणावर अंगठा ठेवून ऑडॅसिटी उघडली. म्हणजे संगणकावर आवाज टेप करायचं आणि कापायचं सॉफ्टवेअर.

ऑडॅसिटी मी बरीच वर्षं वापरतोय. २००० सालापासून आहे, फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे आपलं वय विचारत नाही. अंध विद्यार्थ्यांसाठी धडे वाचून पाठवायचो तेव्हा शिकलो होतो. शिकलो म्हणजे काय, लाल बटण, कापणं, चिकटवणं, एमपी-थ्री करणं आणि एफ-फाइव्ह. बाकीचे मेनू माझ्यासाठी मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यासारखे. वर काहीतरी चालू असतं हे कळतं, पण आपलं पान खाली मांडलेलं असतं.

त्या एफ-फाइव्हचं मला अजून वाईट वाटतं. ते दाबलं की बाणाला दोन्हीकडे टोकं यायची आणि आवाजाचा कापलेला तुकडा धरून डावी-उजवीकडे सरकवता यायचा. फार पूर्वी कोणीतरी एकदा दाखवलं आणि बोटाने ते कायमचं लक्षात ठेवलं. २०२१ साली ३.१ आवृत्ती आली आणि ते हत्यारच काढून टाकलं. आता प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक पट्टी असते, ती धरायची आणि ओढायची. हे जास्त सोपं आहे, मला मान्य आहे. तरी तुकडा सरकवायची वेळ आली की आधी माझं बोट एफ-फाइव्हवर जातं, काही होत नाही, मग हात मुकाट्याने माउसकडे वळतो. आमच्याकडे गॅस आल्यावरही आजी शेगडीपाशी उभी राहिली की आधी स्टोव्हची पिन चाचपायची, तसंच.

तर तंबोरा.

पहिली कॅसेट लावली. ६० मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास, आणि तो अर्धा तास अर्धा तासच लागतो. संगणकावर सगळं घाईघाईने करायची सवय झालेली. इथे मात्र फीत आपली सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीने येणार. अंगठा अवघडला म्हणून झाकणावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवला. (घरातल्यांनी हे वाचू नये.) पडद्यावर निळ्या रेघा उमटत गेल्या आणि गाण्याच्या मागे फितीची ती 'सूंऽऽ' ऐकू येत राहिली. पावसाळी दिवशी दूर कुठेतरी भजी तळत असावीत तशी.

म्हटलं, ही घालवू. त्याची सोय आहे हे ऐकून होतो, पण कधी वापरली नव्हती. नॉइज रिडक्शन. तिची रीत मोठी मजेशीर आहे. आधी रेकॉर्डिंगमधला असा एखादा तुकडा निवडून दाखवायचा की ज्यात नुसता गोंगाट आहे, बाकी काही नाही. हा बघ चोर. तो त्याचा चेहरामोहरा टिपून घेतो, आणि मग आपण सगळं गाणं निवडून पुन्हा तिथे गेलो की तसल्या चेहऱ्याचा आवाज जिथे दिसेल तिथे दाबून टाकतो. मी गाण्याच्या सुरुवातीचे सहा-सात सेकंद निवडले. गवयाने तोंड उघडलेलं नाही, म्हणजे नुसती सूं असणार.

नुसती सूं नव्हती. तंबोरा होता. माझ्या कानाला तो ऐकू आला नाही असं नाही, पण तो 'आवाज' आहे हे डोक्यात आलं नाही. तंबोऱ्याचं हे असंच असतं. बंद पडला की कळतो.

गाणं लावून पाहिलं. मारवा राग होता. गवई बादलीत तोंड घालून गात असल्यासारखा वाटत होता, आणि तो श्वासाला थांबला की मागे खड्डा. इतका खोल, की मी घाबरून स्पीकरची वायर तपासली. मग उजेड पडला. जो आवाज एकसारखा चालू असतो तो गोंगाट, एवढंच त्या बिचाऱ्याला ठाऊक. त्या हिशोबाने पंखा, फ्रिज, तंबोरा आणि आमच्या सोसायटीच्या सभेतले चेअरमन सगळे एकाच पंगतीत बसतात. चोर म्हणून मीच बोट दाखवलं होतं.

आणि बोट दाखवणारा कुठला, तर मिरजेचा! माझी शाळेची वाट सतारमेकर गल्लीवरून जायची. जायची म्हणजे जवळची वाट दुसरी होती, मी ही धरायचो. दुकानांच्या आढ्याला भोपळे टांगलेले असायचे, पंढरपूरकडून आलेले, सुकून खडखडीत झालेले. इतक्या भोपळ्यांची भाजी हे लोक कधी खाणार, अशी मला बरेच दिवस काळजी होती. आत लाखेचा आणि स्पिरिटचा वास. एक म्हातारे कारागीर दाराशी बसून जवारी लावायचे. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, अगदी केसाएवढी कानस फिरवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा कानस. दोरा इकडे नाही बसला तर तार नुसती 'टंग' म्हणते, तिकडे गेला तर कुरकुरते. मधे कुठेतरी एक जागा असते आणि तिथे दोरा आला की एका तारेतून चार-पाच जणी बोलायला लागतात. त्या एका तारेवर त्यांची अख्खी दुपार जायची. मी दप्तर पाठीवर घेऊन उभा. "काय रं, घरला जायाचं न्हाई?" असं ते न बघताच विचारायचे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, जिथे आजही दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं होतं, त्या गावचा मी. आणि सहा सेकंदांत अख्खा तंबोरा खलास.

कंट्रोल-झेड मारलं, तंबोरा परत आला. पण त्या गडबडीत खिडकीतलं आणखी एक बटण दिसलं. रेसिड्यू. म्हणजे उरलंसुरलं, चोथा. ते निवडून ऐकलं तर गाणं नाही, जे फेकून दिलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. ही सोय कोणाच्या डोक्यातून आली कोण जाणे, पण कचऱ्याची गाडी आली की बादली रिकामी करण्याआधी एकदा आत डोकावून बघणाऱ्या बायकांपैकी त्याची आई नक्की असणार.

मी चोथा लावला. सूं आणि तंबोरा. मधूनच गवयाची सावली गेल्यासारखी हले, की पुन्हा तंबोरा. बाबांच्या पावसाळी भज्यांच्या आवाजात कोणीतरी एकटाच तंबोरा छेडत बसलंय. मी ते पूर्ण ऐकलं आणि चोथ्याची वेगळी फाइल करून ठेवली. ती कशासाठी, हे मला विचारू नका.

हा गवई कोण, ते कॅसेटवरून कळायला मार्ग नाही. आकाशवाणी सांगलीवरून बाबा गाणी टेप करायचे, त्यासाठी १९८३ साली टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकाच डब्यात, घेतला होता. पण निवेदकाचा आवाज टेपवर आलेला त्यांना खपायचा नाही. लाल आणि काळं, दोन्ही बटणांवर बोटं ठेवून ते रेडिओपुढे उकिडवे बसायचे आणि निवेदकाचं वाक्य संपून तंबोरा सुरू झाला की खट्. तेव्हा घरात कोणी शिंकायचंसुद्धा नाही, असा नियम. खरं तर रेडिओवरून थेट टेप होत असल्यामुळे शिंक काही आत जाणार नव्हती. हे आईने एकदा सांगून पाहिलं, पण नियम राहिला.

नावं असायची वहीत. त्या टू-इन-वनला तीन आकडी काउंटर होता. ज्यांनी पाहिलाय त्यांना ते शेजारचं पिटुकलं शून्य करायचं बटणही आठवेल. बाबा प्रत्येक नोंदीआधी आकडा लिहायचे. कॅसेट ९, बाजू ब : ०४७ नाट्यगीत. ११८ मारवा. २०५ भजन, पूर्ण नाही. अक्षर मोत्यासारखं, शाई निळी. पण टू-इन-वन कधीच भंगारात गेला आणि दुसऱ्या कुठल्या यंत्रावर हे आकडे जुळत नाहीत. एका मेलेल्या यंत्राचे पत्ते.

मग मला नाद लागला. काउंटर वेळ मोजत नाही, तो फीत गुंडाळणाऱ्या चाकाचे फेरे मोजतो. सुरुवातीला ते चाक रिकामं असतं म्हणून भराभर फिरतं, फीत चढत जाते तसं जाड होऊन सावकाश. म्हणजे पहिला आकडा जेमतेम तीन सेकंदांचा, तर तीनशेच्या पुढचा पावणेपाच सेकंदांचा. संगणक मात्र एका सेकंदाचे ४४,१०० ठिपके करतो, पहिला सेकंद असो की शेवटचा. मी बाजू ब पूर्ण आत घेतली. नाट्यगीत सापडलं २ मिनिटं २० सेकंदांवर, मारवा सव्वासहा मिनिटांच्या पुढे, भजन बाराव्या मिनिटाला. कागदावर त्रैराशिक मांडलं, ते चुकलं, कारण हे त्रैराशिकाचं कामच नव्हे. तरी अंदाज येत गेला. शाळेत गणितात मला एवढी गोडी कधी लागली नव्हती.

हा सगळा खटाटोप एका नोंदीसाठी. त्याच पानावर शेवटची ओळ आहे : ३१२ हे पुसू नये.

काय पुसू नये, ते लिहिलेलं नाही. नाव नाही, राग नाही. माझ्या हिशोबाने ही जागा विसाव्या मिनिटाच्या आसपास यायला हवी. मी तिथे बाण नेला आणि स्पेसबार दाबला.

खट्. मग घरातली शांतता, लांब कुठेतरी कप ठेवल्याचा आवाज, आणि एक चिरका पोरगा : "आकाशवाणी पुणे." पुढे स्वतःचं नाव आणि आडनाव, दोन्ही ठासून, "आपल्याला बातम्या देत आहे." नाव माझं होतं. सकाळी सात-पाचच्या बातम्यांची हुबेहूब चाल. "आज शाळेत गणिताचे मास्तर आले नाहीत. आईने भेंडीची भाजी केली आहे. बाबांनी ती खाल्ली नाही. हवामान. अंगणात ढग आहेत." मग ताईचा आवाज, "ए, काय करतोयस रे तिकडे?" खट्. आणि मधूनच सुरू झालेली सारंगी, जेमतेम अर्धा मिनिट, की संपली.

मला यातलं काहीही आठवत नाही. नऊ-दहा वर्षांचा असेन.

कॅसेट बाहेर काढून पाहिली. ज्या कॅसेटीवर पुन्हा काही टेप व्हायला नको तिच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा तुकडा बाबा मोडून टाकायचे. तो मोडलेलाच होता. पण त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबलेला होता, म्हणजे टेप करायची सोय कोणीतरी पुन्हा करून घेतली होती. बोळा चौकटीच्या कागदाचा, गणिताच्या वहीतला. म्हणजे बाबांनी सारंगी जपून ठेवली, 'पुसू नये' लिहिलं आणि मी ती पुसली. सरळ आहे.

फक्त ती ओळ निळ्या शाईची नाही. बॉलपेनची आहे, जरा घाईत लिहिलेली. मागून लिहिली असेल? बातम्या ऐकल्यावर? पण मग त्यांनी तो बोळा काढून टाकला असता ना. पुसू नये म्हणायचं आणि बोळा तसाच ठेवायचा, हे बाबांच्या स्वभावात बसत नाही. आणि वहीत बॉलपेनच्या आणखी दोन नोंदी आहेत, दोन्ही साध्या, एक अभंगाची आणि एक बासरीची. मी त्या तिन्ही खिडकीशी नेऊन पाहिल्या. शाई सारखीच दिसते.

ताईला फोन केला. ती म्हणाली, तू असले उद्योग रोज करायचास, मी कुठला-कुठला लक्षात ठेवू?

भाची क्लासहून आली, तिला ऐकवलं. ती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. मग म्हणाली, "मामा, तिथे लेबल टाकून ठेव. कंट्रोल-बी. म्हणजे परत शोधायला नको." कंट्रोल-बी मला ठाऊक नव्हतं. दाबलं तर रेघांखाली एक छोटी चौकट उघडली आणि तिच्यात कर्सर लुकलुकायला लागला, की लिहा काय ते. मी थोडा वेळ तिच्याकडे बघत बसलो. शेवटी '३१२' एवढंच लिहिलं.

"मागचा आवाज काढू का?" तिने विचारलं. म्हटलं थांब, आधी चहा टाकतो. तेवढा वरवंटा जागेवर ठेव.