धर्मप्रचाराचा वैताग आणि माझा पोलीस जबाब

दारावर येऊन धर्म सांगणाऱ्यांचा मला मनापासून वैताग आहे, मग ते येशूचं पत्रक देणारे असोत नाहीतर सिग्नलला काचेवर टकटक करून गीता विकणारे. नको म्हटलं की विषय संपला पाहिजे. पण आमच्या सोसायटीत यावरून पोलीस आले आणि मला जबाब द्यावा लागला, तो प्रकार लिहितेय, कुणाला उपयोगी पडेल.

वरच्या मजल्यावरच्या ताईंकडे रविवारी प्रार्थना असते. पेटी, ढोलकी, नऊच्या आत सगळं बंद. त्या एकदा खाली येऊन सासूबाईंना "गुडघ्यासाठी प्रार्थना करू का" विचारून गेल्या आणि पत्रक ठेवून गेल्या. सासूबाईंनी त्यावर शेंगा सोलल्या. (पत्रकाचं मराठी भयंकर होतं हो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले तरी अभंग लिहीत होते, कीर्तन करत होते, आणि हे असलं काहीतरी वाटतात.) तर कमिटीतल्या एकाने 112 ला फोन केला की इथे धर्मांतर चालतं, वर लेखी अर्ज दिला आणि त्यात साक्षीदार म्हणून मला न विचारता माझं नाव.

ठाण्यातून फोन, उद्या येऊन जबाब देऊन जा. मामेभाऊ वकील आहे, तो म्हणाला अजून गुन्हाच दाखल नाही, नुसती अर्ज चौकशी आहे, आणि गुन्हा असता तरी बाईला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलवता येत नाही, राहत्या घरी यावं लागतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 179, साठीच्या पुढच्या पुरुषांनाही तेच. मी फोनवर हे बोलले तर पलीकडून "काकू, तुम्ही वकील आहात का?"

मग हवालदार आणि एक महिला शिपाई घरी आले. जबाब टाइप करूनच आणलेला! त्यात काय, तर सदर महिलेने पैशाचे आमिष दाखवून माझ्या सासूस धर्म बदलण्यास प्रवृत्त केले. मी म्हटलं पैशाचा विषय आला कुठून? तर म्हणे अर्जात तसं आहे, सही करा, साहेबांना आजच रिपोर्ट द्यायचाय. आतून सासूबाई ओरडल्या, "मला कोण बाटवतंय या वयात!" शिपाई हसली. शेवटी हवालदाराने कुरकुरत हाताने नवीन लिहिला. त्यात मी मुद्दाम घालायला लावलं की गोळ्या बंद करा असं कुणी सांगितलेलं नाही. तसं सांगितलं असतं तर मीच तक्रार केली असती, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, आणि तो सगळ्याच धर्मांच्या बुवांना लागू आहे.

कायद्याचं म्हणाल तर प्रत्येकजण आपल्याला हवं तेवढंच वाचतो. वरच्या ताई म्हणतात घटनेच्या कलम 25 ने प्रचाराचा हक्क दिलाय, खरंय. कमिटीवाला म्हणतो 1977 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क येत नाही, तेही खरंय. पण विचारून प्रार्थना करणं हे कशात बसतं?

आणि पोलिसांवर विश्वास? माझा मोबाईल बसमध्ये चोरला तेव्हा याच ठाण्यात चोरी लिहून घेईनात, 'गहाळ' म्हणून कागद हातात दिला. इथे मात्र ऐकीव अर्जावर दुसऱ्या दिवशी माणूस दारात. हवालदार वाईट नव्हता, वरून आलं तसं त्याने टाइप केलं, पण मग त्या शेजारणीने कोणाच्या भरवशावर राहायचं? मी घाईत सही केली असती तर पुढे काय झालं असतं कोण जाणे.

अर्ज नंतर दप्तरी दाखल झाला, म्हणजे प्रकरण बंद. ताईंनी प्रार्थना दुसरीकडे हलवली आणि कमिटीवाला लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाही, बरंच आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर, गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, त्याच सुरक्षा संहितेचं कलम 181. अर्ज चौकशीत मात्र मागतात, तेव्हा आधी शेवटपर्यंत वाचा, खाली रिकामी जागा असेल तर तिरकी रेघ मारा आणि फोटो काढू द्या म्हणा, मला काढू दिला.