काल्तानिस्सेत्ताची पाटी

टूर मॅनेजर म्हणून सिसिलीत ग्रुप घेऊन जायची ती माझी चौथी खेप. पालेर्मोचं सान दोमेनिको चर्च आम्ही एरवी पंधरा मिनिटांत उरकतो. माफियाने १९९२ साली बॉम्बस्फोटात मारलेले न्यायाधीश फाल्कोने यांची कबर दाखवायची आणि सगळ्यांना शेजारच्या वुच्चिरिया बाजारात सोडायचं. त्या दिवशी कोच ट्रॅफिकमध्ये अडकला आणि तासभर थांबणं आलं.

ग्रुपमधल्या एक काकू, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, भलत्याच कबरीपाशी उभ्या होत्या. "मिकेले आमारी. कोण रे हे?"

मला सांगता येईना. बाकावर बसलो आणि फोनवर वाचायला लागलो.

जन्म इथलाच, १८०६चा. वडील कटाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले, तेव्हा सोळाव्या वर्षी घराचा भार अंगावर. नोकरी सरकारी कारकुनाची. १८४२ मध्ये त्यांनी १२८२च्या सिसिलियन उठावाचा इतिहास लिहिला. तोवर सगळं श्रेय प्रोचिदा नावाच्या एका सरदाराच्या कारस्थानाला दिलं जाई. आमारींनी कागदपत्रं लावून दाखवलं, की हा उठाव जुलमाने पिचलेल्या साध्या लोकांचा होता. तेव्हा सिसिलीवर राज्य होतं नेपल्सच्या राजाचं, त्याला पुस्तकाचा रोख बरोबर कळला. पुस्तकावर बंदी आली, आमारी पॅरिसला निसटले.

आणि तिथे, पस्तिशी उलटल्यावर, ते अरबी शिकले! सिसिलीवर अडीचशे वर्षं मुस्लिम सत्ता होती, तिचा इतिहास अरबी हस्तलिखितांत पडून होता. १८५४ ते १८७२, अठरा वर्षं आमारींनी लिहिलेल्या त्या इतिहासाचे खंड निघत राहिले. मधल्या काळात इटली एक झाली, ते शिक्षणमंत्रीही झाले, पण काम सोडलं नाही. मी मात्र माइकवर इतकी वर्षं "इथे अरबांचं राज्य होतं" एवढं एकच वाक्य बोलत होतो.

दुपारी कातानियाच्या वाटेवर हे सगळं ग्रुपला सांगितलं. पालेर्मोचा जुना रस्ता कास्सारो म्हणजे अरबी 'कस्र', राजवाडा. गावांच्या नावातलं 'काल्ता' म्हणजे 'कलआ'.

"अरे, म्हणजे आपला किल्ला!" काकू मागच्या सीटवरून ओरडल्या. "शब्द तिथूनच आलाय."

तेवढ्यात हायवेवर काल्तानिस्सेत्ताची पाटी आली. अख्खा कोच एका बाजूच्या खिडक्यांना लागला. ड्रायव्हरने मला विचारलं, काय झालं?