त्यांच्या घरी रविवार नव्हता

"अगं, ह्यांचा आज वार कोणता?"

आजीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पडद्यावरच्या घरासमोर रोज सकाळी गाडी येऊन हॉर्न वाजवायची, घरातला बाप्या आंघोळ अर्धी टाकून पळत सुटायचा. 'द सिम्स' ह्या कॉम्प्युटर गेममध्ये आठवडाच नव्हता. सणवार नाही, दुसरा शनिवार नाही, आणि लागोपाठ दोन दिवस दांडी मारली की नोकरी गेली. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आजोबा हे ऐकून एवढंच म्हणाले, "युनियन नसेल."

पुण्याचा मावसभाऊ २००३ च्या मे महिन्यात सांगलीला आला, तो ही सीडी घेऊन. आमच्या गावभागातल्या घरात तेव्हा नुकताच असेंबल केलेला कॉम्प्युटर आला होता, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. गेम मॅक्सिस कंपनीचा, २००० सालचा. त्यात जिंकायचं काही नाही. वीस हजार सिमोलियन, म्हणजे तिथलं चलन, हातात घेऊन घर थाटायचं आणि माणसांना खाऊ-पिऊ-झोपू घालायचं, बस. आई म्हणाली, "मी हेच करते, मला कुणी गेम म्हणत नाही."

आजी मात्र रोज चहा घेऊन शेजारच्या स्टुलावर बसायला लागली. तिला पटायचं नाही काहीच, पण उठायचीही नाही. पुस्तकाच्या कपाटातलं पुस्तक वाचून बाई स्वयंपाक शिकते, हा तिला मोठा विनोद वाटे. न शिकता शेगडीशी गेली तर आग लागायची, आणि मग घरातले सगळे पाणी आणायचं सोडून आगीभोवतीच हात वर करून नाचायचे. जेवण झालं की ताट तिथंच जमिनीवर. तेच ताट वाटेत आलं की बाई अडायची. ओलांडून जाणं तिला येत नसे, उचलणं सुचत नसे. ती आपली वर बघून हात हलवत माझ्याकडे तक्रार करत राहायची. "ताट उचल म्हणावं आधी," आजी पडद्याला सांगायची.

भाषेची अडचण आमच्यात फक्त आजीला नव्हती. हे लोक सिमलिश बोलतात, म्हणजे कुठलीच भाषा नाही. खरे संवाद घातले असते तर तीच तीच वाक्यं ऐकून माणूस विटला असता, म्हणून नटांकडून उत्स्फूर्त बडबड करून घेतलेली. मी बटणांवरचं इंग्रजी शब्दकोशात शोधायचे, तोवर आजी नुसत्या सुरावरून सांगायची, "ती शेजारीण उसनं मागायला आलीय. देऊ नको."

पोरं मोठी होत नसत. पाळण्यातलं बाळ तीन दिवसांत शाळकरी व्हायचं आणि मग जन्मभर शाळकरीच. अभ्यासात फारच घसरलं तर त्याची रवानगी लष्करी शाळेत. आमच्याकडे साताऱ्याच्या सैनिक शाळेत जायला प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि इथे नापासांना पाठवतात, ह्याचं मला फार वाटे.

२००० ते २००३ ह्या काळात ह्या गेमला सात एक्स्पान्शन पॅक, म्हणजे मूळ खेळात भर घालणारे जोडभाग, निघाले. आमच्यापर्यंत दोनच पोचले, तेही भावाच्या कृपेनं. 'अनलीश्ड'मध्ये कुत्री-मांजरं आणि परसातली भाजी होती, शिवाय दहा घरांची आळी वाढून चाळिसाच्या वर गेली. पण आजीचा जीव रमला तो पहिल्या 'लिव्हिन लार्ज'मध्ये. त्यात रडक्या विदूषकाचं एक चित्र मिळायचं. ते भिंतीवर असताना घरातलं कुणी फार खिन्न झालं, की विदूषक खरोखरचा घरी यायचा आणि सांत्वनाच्या नावाखाली आणखी वैताग द्यायचा. "आपल्याकडे येतात की असे," आजी म्हणाली, आणि नावंही सांगितली. ती मी इथे देत नाही. ह्याच पॅकमध्ये कुणी मेलं की काळ्या झग्यातला यम यायचा. घरातल्या दुसऱ्यानं विनवणी केली तर तो दगड-कागद-कात्री खेळायचा, जिंकलात तर माणूस परत. आजीला हे सावित्रीच्या मानानं फारच स्वस्तात वाटलं.

२००५ च्या जुलैत मला पैशाचा मंत्र सापडला. 'रोजबड' टाइप केलं की हजार सिमोलियन, मग उद्गारचिन्ह-अर्धविराम उमटवत जाल तेवढे हजार. मी अंगणात पोहण्याचा तलाव बांधला आणि त्यात उतरवलं बेबीआत्याला. खरी बेबीआत्या मिरजेची, आल्या आल्या गाल ओढून गणिताचे मार्क विचारणारी. ह्या खेळात तलावाची शिडी काढून घेतली की माणूस बाहेर येऊ शकत नाही. काठावर हात टेकून चढणं त्यांच्या कल्पनेतच नाही. दमेपर्यंत पोहतात आणि बुडतात. मी शिडी काढली.

आजी भडंगाची वाटी घेऊन आली. "ही कोण एवढा वेळ पाण्यात?"

"बेबीआत्या."

वाटी टेबलावर आपटली. "शिडी लाव आधी. पोरगी आहे माझी!"

मी माउस हातात घेतला आणि लाइट गेली. लोडशेडिंग. त्यांचा एक दिवस आपल्या चोवीस मिनिटांचा, त्यामुळे तासभर सेव्ह न करता लाइट गेली की त्यांचे अडीच दिवस पाण्यात.

पुढच्या आठवड्यात खरंच पुराचं पाणी आलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी किती फूट, एवढंच जो तो विचारत होता. ह्या खेळाचा कर्ता विल राइट, त्याचं घर १९९१ मध्ये ओकलंडच्या वणव्यात जळालं, आणि काय काय पुन्हा घ्यावं लागेल ह्याचा हिशोब करता करता त्याला हा गेम सुचला. हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमचा हिशोब उलटा होता, काय आधी वर न्यायचं. आईनं सिलिंडर नेला आणि गव्हाची कोठी रिकामी केली, बाबांनी घराची कागदपत्रं, मी सीपीयू. आजी देव आणि बरणीतलं लिंबाचं लोणचं घेऊन जिन्यात बसली. बेबीआत्या मिरजेत सुखरूप असल्याचा फोन आधीच आला होता, तरी अंधारात आजीनं हळूच विचारलंच, "तिला बाहेर काढलंस का गं?"

पाणी ओसरल्यावर भिंती धुऊन, गादी वाळवून, लाइट परत येऊन कॉम्प्युटर खाली लागायला महिना गेला. गेम उघडला तो शेवटी सेव्ह केला होता तिथूनच. तलाव अजून खणलाच नव्हता. बेबीआत्या कोरडी ठणठणीत, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

आजीनं चष्मा पुसला, नीट बघितलं.

"ताट," ती म्हणाली. "ताट उचल आधी."