केळीचा चीक

मंगळवार, रात्री साडेदहा. जळगाव.

पहाटे पाचलाच गॅरेजचं शटर वर केलं. एप्रिलचं ऊन, नऊ वाजले की बॉनेटवर हात ठेववत नाही. शाम्पू जागीच वाळतो आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे गोल रंगावर बसतात. म्हणून शेवटचं पाणी मी आरओचंच मारतो. आज चार कॅन लागले. लागू देत.

गाडी रावेरच्या भाऊंची, गडद निळी पोर्शे ९११. गेल्या महिन्यात मळ्यात केळी भरताना शेजारी उभी होती, घडांचा चीक बॉनेटवर उडाला. कपड्यावरचा चीक जन्मात निघत नाही हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक. भाऊंनी गाडी एका ठिकाणी नेली, तिथे मशीन लावून नुसती घासली. डाग फिके झाले, पण टॉर्च धरला की कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात.

रंगाची जाडी मोजायचा मीटर लावला. शाबूत जागी ११८ मायक्रॉन, डागापाशी ८९. पोटात गोळाच आला. वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मुळात ४०-५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. त्यातला निम्म्याहून जास्त कोणीतरी उडवून मोकळा झाला होता. तोच थर खालच्या रंगाला उन्हापासून जपतो, आणि गेलेला थर पॉलिशने परत येत नाही.

मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश, दोनच हात फिरवले. जाळं बरंच गेलं. रुपयाएवढी तपकिरी सावली मात्र राहिली. तिसरा हात मारावा म्हणून मशीन उचललं, तेवढ्यात नाना चहा घेऊन आले. पस्तीस वर्षं ट्रकच्या बॉड्या रंगवलेला माणूस. डोळे मिटून त्या जागेवरून बोटं फिरवली. "काय करी ऱ्हायना रे? आते ऱ्हाऊ दे."

ठेवलं मशीन खाली.

दुपारी सर्व्हिसिंग. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी कमी चालली तरी. ते हवेतली ओल ओढतं आणि जोरात ब्रेक मारून तापलं की ऐनवेळी पेडल मऊ पडतं. निघालेलं तेल कोऱ्या चहासारखं होतं. इंजिन ऑइलला डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवर बघायची.

पण सगळा जीव अडकला होता पुढच्या बंपरमध्ये. इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे, दोन्ही कोपऱ्यांत. जाळ्या मोठ्या, त्यामुळे रस्त्यावरचं सगळं आत जातं. बंपर उतरवला तर डाव्या बाजूला वाळलेला कडुनिंब, कापसाचे पुंजके आणि काळ्या मातीचा लगदा, अंगठ्याएवढा जाड. या उन्हात इंजिनाने श्वास घ्यायचा कुठून? रेडिएटरचे पातळ पत्र्याचे पंख नाजूक, बोटाने दाबले तरी वाकतात. रंगाच्या ब्रशने एकेक पान सोडवलं, मग लांबून हलकी हवा. दीड तास गेला. आजच्या दिवसात हेच काम मला सगळ्यात मोलाचं वाटलं, आणि बाहेरून ते कोणालाही दिसणार नाही.

संध्याकाळी भाऊ आले. सावलीचं आधीच सांगून टाकलं: निघेल, पण वर्षा-दोन वर्षांत तिथला रंग जाईल. त्यांनी वाकून पाहिलं, थोडा वेळ बोलले नाहीत. मग पेपरवर काढून ठेवलेला तो लगदा दाखवला. त्यातून त्यांनी कापसाचा एक पुंजका उचलला, चिमटीत फिरवला.

"हा आपल्याच शिवारातला," म्हणाले. आणि गाडी आता मळ्यात नेणार नाही, बांधाबाहेरच उभी करीन, असं स्वतःहून सांगून गेले.