पुस्तक येईपर्यंत थांबत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्याकडचे स्वतंत्र कॉमिक्सचे (म्हणजे लेखक-चित्रकारांनी स्वतःच्या हक्काने काढलेल्या कॉमिक्सचे) सुटे अंक पाहिले की प्रश्न ठरलेला असतो. पाच-सहा अंकांची तर मिनिसिरीज, महिन्याला एक अंक, त्यातही उशीर; मग सगळं एकत्र पुस्तकरूपात येईपर्यंत थांबत का नाही?

एक कारण हिशेबाचं आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात कॉमिक्सच्या खास दुकानांसाठी जी वितरणपद्धत उभी राहिली, तिच्यात दुकानदाराला सवलत चांगली मिळते, पण न खपलेले अंक परत करता येत नाहीत. मागणी महिना-दोन महिने आधी नोंदवायची, त्यामुळे अनोळखी लेखकाच्या मालिकेला तो हात आखडूनच घेतो. दुसऱ्या अंकाची मागणी तर बहुतेकदा पहिला अंक कुणी वाचण्याआधीच गेलेली असते. 1992 मध्ये सुरू झालेल्या इमेज कॉमिक्ससारख्या प्रकाशनात हक्क लेखक-चित्रकारांकडे राहतात हे खरं, पण प्रकाशक आपलं ठरलेलं शुल्क आधी कापतो आणि उरेल ते त्यांचं. सगळेच पुस्तकाची वाट बघत बसले तर चौथा अंक काढायचा कशाच्या जोरावर?

अर्थात नुसते उपकार म्हणून कुणी वाचत नाही. मीही नाही.

मला अंक आवडतो. वीस-बावीस पानांत काहीतरी घडून एका जागी थांबलं पाहिजे, ही अट चांगल्या लेखकाला कामाला लावते. कथेचं पहिलं पान उजवीकडे असेल तर दुसरं-तिसरं समोरासमोर येतं, म्हणून धक्का सम आकड्याच्या पानावर ठेवायचा, पान उलटल्याशिवाय दिसू नये. मग शेवटच्या चौकटीनंतर महिनाभराची पोकळी. त्या महिन्यात मी तोच अंक पुन्हा काढतो आणि पहिल्या वाचनात कथेच्या ओढीने ज्यावरून नजर घसरली होती ते दिसायला लागतं: मागे उभं असलेलं माणूस, एकाच प्रसंगात बदललेला रंग, मुद्दाम रिकामा सोडलेला संवादाचा फुगा. पुस्तकात पुढचं प्रकरण पुढच्याच पानावर असतं. तिथे इतका धीर मला तरी धरवत नाही. वाचकांची पत्रं आणि मागच्या पानांवरचे लेखही पुष्कळदा पुस्तकात येत नाहीत. ‘क्रिमिनल’ या गुन्हेगारी कथांच्या मालिकेतले लेख तर सुटे अंक घेणाऱ्यांसाठीच ठेवलेले होते.

उशिराचं काय? होतो. बऱ्याच मालिकांमध्ये एकच माणूस रेखाटन, शाई आणि कधीकधी रंगही करतो, आणि पोटासाठी दुसरं कामही. पर्यायी चित्रकार आणून वेळ गाठण्यापेक्षा मला उशीर परवडतो. कधी मालिका बुडतेही. लेखक ॲलन मूर आणि चित्रकार बिल सिंकेविच यांची ‘बिग नंबर्स’ बारा अंकांची ठरली होती. 1990 मध्ये दोन निघाले आणि संपलं. एवढी मोठी नावं असून! ते दोन अंक तरीही वाचण्यासारखे आहेत, पण ही जोखीम सगळ्यांनी घ्यावी असं मी म्हणणार नाही.

सगळ्या मालिका मी शेवटपर्यंत नेतो असंही नाही. पहिला अंक म्हणजे एखाद्या निर्मात्याला दाखवायला केलेला चित्रपटाचा आराखडा वाटला, की दुसरा घेत नाही. सहा अंकांची गोष्ट मुळात तीन अंकांची आहे हे तिसऱ्यापर्यंत कळतंच. तिथे माझी सहनशक्ती चित्रांवर अवलंबून असते.

आणि हो, आवडलेल्या मालिकेचं पुस्तक आलं की तेही घेतो. तुमच्यासारख्यांना वाचायला द्यायला. सुटे अंक मी घराबाहेर जाऊ देत नाही.