लाल खुणेपाशी

शनिवारी दुपारी कपडे धुवायला टाकण्यापूर्वी यांच्या पँटचे खिसे चाचपले, तेव्हा एक मोडकी लाकडी टी आणि चार घड्या घातलेले गोल्फचे स्कोअरकार्ड हाती लागले. त्या कार्डावर निळ्या, पांढऱ्या आणि लाल अशा तीन ओळींत प्रत्येक होलचे, म्हणजे भोकाचे, अंतर यार्डांत छापलेले असते. त्यांतील पांढऱ्या ओळीखाली यांनी पेन्सिलीने अशी जाड रेघ ओढली होती, की ती ओळ म्हणजे जणू विद्यापीठाने त्यांना दिलेली पदवीच. मी कार्ड वाळत घालायच्या दोरीवर चिमट्याने अडकवले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

निवृत्तीनंतर साताऱ्यातली माणसे सहसा पहाटे अजिंक्यतारा चढू लागतात. आम्हीही चढत होतो. पण पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने गेल्या दिवाळीत हौसेने आम्हाला गोल्फच्या मैदानावर नेले, आणि तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार आम्ही अंधारातच निघून खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे जातो. पहिल्याच दिवशी भाच्याने विचारले, ‘‘कुठल्या टीवरून खेळणार?’’ मला वाटले, टी म्हणजे चेंडू ठेवायची ती लाकडी खुंटी. पण खुंटीही टी आणि ती जिथे रोवायची ती जागाही टी. ही टंचाई इंग्रजांनी कशी सोसली, कोण जाणे. मी लाल खुणांकडे बोट दाखवले, कारण त्या भोकाला सर्वांत जवळ होत्या. यांनी मात्र एकदा निळ्या खुणांकडे पाहून मनोमन माघार घेतली आणि ताठ मानेने पांढऱ्या गाठल्या.

लाल टीला जगभर कित्येक वर्षे ‘बायकांची टी’ म्हणत आले आहेत. आता जाणती माणसे ‘पुढची टी’ म्हणतात, कारण खुणेचा रंग अंतर सांगतो, खेळणारा पुरुष की स्त्री हे सांगत नाही. भाच्याने हे यांना दोन वेळा समजावले आणि दोन्ही वेळा यांनी मान डोलावून पांढऱ्या खुणांचाच रस्ता धरला. स्वारगेटवरून परतताना एसटीत ‘केवळ स्त्रियांसाठी’ लिहिलेल्या आसनावर खिडकीबाहेर बघत निवांत बसणारा हा गृहस्थ लाल खुणेजवळ उभा राहायला का तयार होत नाही, हे कोडे मला सुटलेले नाही.

तशी मला पुढे उभे राहण्याची सवय लहानपणापासूनच आहे. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत विटीदांडूचा डाव रंगे तेव्हा मी सात वर्षांची होते आणि दादा तेरा. गल्ली उताराची होती, त्यामुळे खालच्या अंगाला टोलवलेली विटी घरंगळत तळ्याच्या दिशेने जाई आणि वरच्या अंगाला टोलवलेली मारणाऱ्याच्याच पायाशी परत येई. मला खेळात घेत ते लिंबूटिंबू म्हणून. गलीवरून, म्हणजे विटी ठेवायच्या खाचेवरून, मला विटी कोलता येत नसे, म्हणून दादा दांड्याने चार पावले पुढे एक रेघ मारी आणि म्हणे, ‘‘तू इथून.’’ माझी विटी कुणी झेलली तरी मी बाद होत नसे. मला वाटे, केवढा हा मान! पुढे कळले, की मी मारलेली विटी कितीही लांब गेली तरी वकट, लेंड, मूंड करीत ते अंतर कुणी मोजतही नसे. एकदा माझी विटी उतारावरून थेट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. मी धावत तिथवर जाऊन ओरडले, ‘‘मोजा!’’ तोवर पुढच्या गड्याचा डाव सुरूही झाला होता. गिरणीवाले काका तेवढे बाहेर येऊन म्हणाले, ‘‘लांब आली हो पोरी.’’ त्या दुपारचा पिठाचा वास अजून नाकात आहे.

म्हणून लाल टीचे मला कौतुक आहे. ती पुढे आहे, पण तिथून मारलेला प्रत्येक फटका मोजला जातो. 2020पासून जगभर लागू झालेल्या हँडिकॅपच्या, म्हणजे कच्च्या खेळाडूला फटक्यांची सूट देण्याच्या, पद्धतीत प्रत्येक टीचे काठिण्य वेगळे ठरवलेले असते, आणि त्यातही पुरुषांसाठी निराळे, स्त्रियांसाठी निराळे. अगदी नवशिक्यालाही 54पर्यंत हँडिकॅप मिळतो, मग तो पुरुष असो वा स्त्री. शिवाय शिस्त कडक. चेंडू दोन खुणांच्या मध्ये कुठेही ठेवा, हवा तर दोन काठ्यांच्या लांबीइतका मागे घ्या. पण खुणांच्या पुढे बोटभरही नाही. पुढे ठेवून मारलात तर फटके मोजण्याच्या स्पर्धेत दोन फटक्यांचा दंड आणि पुन्हा पहिल्यापासून मारा. दादाची रेघ दर डावाला सरकत असे, ही सरकत नाही.

भाच्याने मग एक तक्ता दाखवला. 2011मध्ये अमेरिकेतल्या गोल्फच्या दोन मोठ्या संस्थांनी ‘टी इट फॉरवर्ड’ अशी मोहीम काढली होती, तिचा. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या काठीने, चेंडू जितका लांब जातो तितक्या मापाचे मैदान निवडावे, एवढेच त्यात सांगितले आहे. 200 यार्ड जात असेल तर अठरा होल मिळून 5200 ते 5400 यार्ड. 150 जात असेल तर 3500 ते 3700. यांचा चेंडू, घरंगळणे धरून आणि थोडा कौटुंबिक जिव्हाळा मिळवून, 150 यार्ड जातो, आणि पांढऱ्या खुणांपासून ते मैदान सहा हजारांच्या वर भरते. म्हणजे ज्या चार पारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या, होलवर दोन फटक्यांत भोकाभोवतीच्या हिरवळीवर पोचावे अशी अपेक्षा, तिथे यांचे चार फटके वाटेतच संपतात, पाचवा वाळूत जातो आणि सहाव्याला ते काठीला दोष देतात.

माझी अवस्था त्याहून मौजेची निघाली. माझा चेंडू जेमतेम 100 यार्ड जातो, आणि तक्ता म्हणतो, 2100 ते 2300. म्हणजे लाल टीसुद्धा मला फार मागे! मग भाच्याने तोडगा सांगितला, की हिरवळीपासून 150 यार्डांवर फेअरवेत, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, एक खूण असते, तिथूनच सुरुवात करावी. नवशिक्यांना शिकवणारे तेच सुचवतात. गेल्या खेपेला मी तसे केले. मागचा घोळका थांबून राहिला नाही, माझे चार चेंडूही हरवले नाहीत, आणि एका होलवर तिसऱ्या फटक्याला मी हिरवळीवर होते. तिथून भोकात जायला आणखी चार लागले, ती गोष्ट निराळी. सातही कार्डावर लिहिले.

हे पांढऱ्या खुणांवरून चालत आले तेव्हा मी झेंडा हातात धरून उभी होते. घामाने शर्ट भिजला होता, टोपी तिरकी झाली होती. ‘‘किती?’’ यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी स्वतःचा आकडा सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कोणते आकडे विचारू नयेत एवढे कळते.

संध्याकाळी कार्ड वाळले असे समजून मी ते यांच्या पुस्तकात ठेवले. वास्तविक ते ओले कधी नव्हतेच. रात्री जेवताना, ताटातल्या भाकरीकडे पाहतच, यांनी विचारले, ‘‘त्या लाल खुणांपाशी सकाळी गर्दी असते का गं?’’

‘‘फारशी नसते,’’ मी म्हटले आणि पिठल्याचे पातेले पुढे सरकवले.